माथेरानच्या शार्लोट तळ्याची रानवाट, मुलाबाळांसकट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी डोंबिवलीची. वर्षातून दोन-तीनदा माथेरानला चक्कर होतेच, कधी पोरांना घेऊन, कधी आईला आणि सासूबाईंना एकत्र घेऊन (ते धाडस वेगळंच). त्यामुळे नात्यागोत्यात कुणी माथेरानचा बेत आखला की फोन मला. प्रश्न तेच, उत्तरं तीच. शेवटी धाकटी जाऊ म्हणाली, "वहिनी, एकदा लिहूनच काढा ना." हे ते लिहून काढलेलं.

माथेरानला तीसेक पॉइंट आहेत. तुम्ही नेमकं तळंच का सुचवता?

पॉइंट पाहायला गेलेलं कुटुंब दिवसभर पुढच्या पॉइंटच्या मागे असतं. पोरं दमतात, वडीलमंडळी मागे राहतात, आणि संध्याकाळी फोनमध्ये दरीचे बारा एकसारखे फोटो असतात. तळ्याकडे जाणारी वाट तशी नाही. ती सावलीची आहे, चढ-उतार बेताचे आहेत, आणि वाटेच्या टोकाला बसायला पाण्याचा काठ आहे. बसलं की झालं. आमच्या घरात याला 'माथेरानला जाणं' म्हणतात. बाकीचे पॉइंट वेळ उरला तर.

माथेरान म्हणजे माथ्यावरचं रान, असा नावाचा अर्थ सांगतात. त्यातलं रान पाहायचं असेल तर बाजारात पाहून चालणार नाही.

वाट नेमकी कुठून कुठे जाते?

माथेरान स्टेशनवरून बाजारपेठेच्या रस्त्याला लागायचं. चपला, चिक्की, मध, काठ्या, टोप्या यांची दुकानं मागे पडली की रस्ता झाडीत शिरतो. पुढे फाटे फुटतात, पण पाट्या आहेत. 'शार्लोट लेक' किंवा 'पिसारनाथ मंदिर', जी पाटी दिसेल ती धरा, दोन्ही एकाच ठिकाणी नेतात. शंका आली तर घोडेवाल्याला विचारा. 'शार्लोट' म्हटलेलं नाही कळलं तर 'तलाव' म्हणा.

स्टेशनपासून तळं दोन किलोमीटरच्या आसपास. तळं खोलगट जागी असल्यामुळे शेवटचा टप्पा उताराचा, म्हणजे परतताना तेवढाच चढ. तिथून एको पॉइंट आणि लॉर्ड पॉइंट जवळ आहेत. हे सगळं जोडून, परत बाजारात येईपर्यंत पाचेक किलोमीटरची पायपीट होते.

किती वेळ लागतो?

नुसतं चालायचं म्हटलं तर दीड तास. पाच वर्षांचं मूल बरोबर असेल तर तीन तास धरा, कारण त्याला प्रत्येक दगड उचलून बघायचा असतो. आम्हाला एकदा साडेचार तास लागले होते. घाई कुणाला होती?

केवढ्या मुलाला जमेल?

चार-पाच वर्षांचं मूल आरामात चालतं. त्याहून लहान असेल तर कडेवर किंवा पाठीवरच्या पिशवीत घ्यायची तयारी ठेवा. बाबागाडी मात्र घरी. लाल मातीत चाकं रुततात, आणि जिथे माती नाही तिथे झाडांची मुळं वर आलेली आहेत. माझ्या नणंदेने हौसेने नेलेली बाबागाडी शेवटी भाऊजींनी डोक्यावर घेतली होती, आणि बाळ आजोबांच्या कडेवर झोपलं होतं.

इथे एक सुख आहे जे शहरातल्या पोरांना सहसा मिळत नाही. मागून हॉर्न वाजत नाही. गाडी येईल म्हणून हात घट्ट धरावा लागत नाही. पोर वीस पावलं पुढे पळालं तरी जीव खाली-वर होत नाही. घोड्यांकडे तेवढं लक्ष ठेवायचं.

आईचे गुडघे दुखतात. तिला न्यावं का?

न्या, पण तिची ताकद दस्तुरी (गाड्या जिथे थांबतात तो नाका) ते बाजार या टप्प्यात संपवू नका. तो टप्पा शटलने, म्हणजे दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्टेशनवरून माथेरानला जाणाऱ्या छोट्या रेल्वेने, किंवा ई-रिक्षाने करा. मग बाजारापासून तळ्यापर्यंतचे दोन किलोमीटर ती थांबत थांबत चालू शकेल. माझ्या आईचं वय बहात्तर, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. तिने काठी घेतली, चार ठिकाणी टेकली आणि पोचली. परतीच्या चढाला तिच्यासाठी घोडा केला. तिने आधी नको नको म्हटलं आणि नंतर आठवडाभर सगळ्या मैत्रिणींना फोन करून सांगितलं.

चाकाच्या खुर्चीवरून तळ्यापर्यंत जाता येईल अशी ही वाट नाही, हे आधीच सांगते. उगाच आशा लावून नेऊ नका.

हातरिक्षा मिळते ना?

माणसाने माणसाला ओढायची ती रिक्षा माथेरानात पिढ्यान्‌पिढ्या चालली. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये ती सहा महिन्यांत बंद करून ओढणाऱ्यांना ई-रिक्षा द्यायला सांगितलं. ई-रिक्षा २०२२च्या डिसेंबरपासून प्रायोगिक म्हणून सुरू झाल्या होत्या, त्या दस्तुरी आणि गाव यांच्यामध्ये धावतात. आईसारखी माणसं बरोबर असतील तर त्यांचा फार आधार वाटतो. रांग मात्र असते.

गाडी कुठपर्यंत जाते?

दस्तुरी नाक्यापर्यंत. नेरळहून घाटाचा रस्ता सुमारे ९ किलोमीटरचा, वळणं कडक, पहिल्या गिअरचा चढ. नवशिक्या ड्रायव्हरने शनिवारी सकाळी हा प्रयोग करू नये. दस्तुरीला पार्किंग आहे, तिथेच नगरपरिषदेचा प्रवेशकर भरायचा. आपली गाडी नसेल तर नेरळ स्टेशनबाहेर शेअर टॅक्सी मिळतात.

दस्तुरीला उतरलं की चार जण भोवती गोळा होतात. गाडी बंद आहे, चालत फार लांब आहे, घोडा कराच, असं काहीबाही सांगतात. पहिल्या खेपेला आम्ही फसलो होतो आणि घोड्यांवर बसून जाताना शेजारच्या रुळांवरून शटल शिट्टी मारत गेलेली पाहिली. तेव्हा आधी अमन लॉज स्टेशनवर जा. नाक्यापासून ते काही मिनिटांवर आहे. खिडकीवर स्वतः विचारा, मग काय ते ठरवा.

मुंबई-पुण्याहून रेल्वेने कसं यायचं?

मुंबईकडून कर्जत किंवा खोपोली लोकल पकडून नेरळला उतरा. पुण्याहून येणाऱ्यांनी कर्जतला उतरून मुंबईकडे जाणारी लोकल धरावी. मध्ये भिवपुरी रोड, की नेरळ.

मिनी ट्रेनने जावं की टॅक्सीने?

पोरं बरोबर असतील तर एक बाजू तरी मिनी ट्रेनने करा. नेरळहून वर चढायला ती अडीच तासांच्या आसपास घेते, आणि टॅक्सीत बसलेले लोक तोवर वर जाऊन चहा पिऊन झालेले असतात. ज्याला पोचायचं आहे त्याने टॅक्सी करावी, ज्याला जायचं आहे त्याने गाडी.

या रेल्वेची गोष्ट पोरांना वाटेत सांगण्यासारखी आहे. सर आदमजी पीरभॉय यांनी पैसा घातला, त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी ती बांधून घेतली. खर्च १६ लाख रुपये. रुळांमधलं अंतर फक्त २ फूट, लांबी सुमारे २१ किलोमीटर, आणि २२ मार्च १९०७ रोजी ती सुरू झाली. वाटेत जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज अशी स्टेशनं आहेत. बोगदा एकच, तोही इतका छोटा की डोळे मिटून उघडेपर्यंत संपतो.

२६ जुलै २००५च्या पावसाने हे रूळ उखडले होते. २०१९च्या पावसाने पुन्हा तेच केलं, आणि नेरळ ते अमन लॉज गाडी ऑक्टोबर २०२२ मध्ये परत सुरू झाली. एरवीही पावसाळ्यात घाटातली गाडी बंद ठेवतात, तेव्हा अमन लॉज ते माथेरान एवढीच शटल धावते. नेरळच्या गाडीला डबे कमी, त्यामुळे तिकिटं थोडी. सुट्टीच्या दिवशी खिडकी उघडण्याच्या बऱ्याच आधी रांगेत उभं राहावं लागतं.

वर गाड्यांना बंदी का?

माथेरान हे वाहनबंदीचं गाव आहे. रुग्णवाहिकेसारखी अत्यावश्यक वाहनं आणि त्या ई-रिक्षा सोडल्या तर मोटार आत येत नाही. केंद्र सरकारने २००३ मध्ये हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. त्याआधीही इथे घोडा, हातरिक्षा आणि पाय हीच वाहनं होती.

ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट मे १८५० मध्ये इथे चढून आला आणि पुढे साहेबलोकांनी बंगले बांधले, म्हणून माथेरानचा 'शोध' त्याच्या नावावर जमा आहे. डोंगराच्या अंगाखांद्यावर राहणारे ठाकूर, कातकरी आणि धनगर त्याच्या कितीतरी आधीपासून इथे होते. आजही खालच्या वाड्यांमधून भाजी, दूध, करवंदं घेऊन माणसं पायवाटेने वर येतात. पॉइंटांची नावं मात्र अजून लॉर्ड, लुईझा, शार्लोट अशी. एक नाव पोरांना जरूर सांगा, वीर भाई कोतवाल. ते इथलेच, जन्म १ डिसेंबर १९१२. बेचाळीसच्या लढ्यात विजेचे मनोरे पाडणारा आझाद दस्ता त्यांनी उभा केला आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडच्या रानात ते हुतात्मा झाले.

रस्ता लाल का आहे? (माझ्या मुलाचा प्रश्न. तो सहा वर्षांचा असताना त्याने हा दिवसात चौदा वेळा विचारला.)

माथेरानचा माथा जांभ्या दगडाचा आहे. खाली सह्याद्रीचा काळा बेसाल्ट आणि वर ही लाल टोपी. शेकडो पावसाळ्यांनी नाही, लाखो वर्षांच्या पावसाने खडकातली विरघळणारी द्रव्यं वाहून नेली आणि लोह मागे राहिलं. ते लोह गंजलं, म्हणून लाल. कोकणातल्या घरांच्या चिऱ्यांचा रंग हाच. मुलाला मी एवढंच सांगितलं की डोंगराला गंज चढलाय. त्याने खिळ्याशी ताडून पाहिलं आणि त्याला ते पटलं.

तळ्यात पोहता येतं का? निदान पाय बुडवावेत?

नाही. तळं गावाच्या पिण्याच्या पाण्यासाठी राखलेलं आहे, तिथे तशी पाटीही आहे. पोहणं, कपडे धुणं, भांडी विसळणं, सगळं बंद. पायही नको. आपल्या घरच्या टाकीत कुणी पाय सोडून बसलं तर चालेल का? काठ निसरडा असतो आणि पाणी कुठे एकदम खोल होतं ते वरून कळत नाही, हे दुसरं कारण. पोरांना काठापासून चार हात लांब बसवा.

मग तिथे करायचं काय, असं विचारतात. बसायचं. सकाळी आठच्या आत पोचलात तर पाणी इतकं स्थिर असतं की पलीकडची झाडी उलटी दिसते. मग वाऱ्याची एक झुळूक येते आणि ती झाडी एका टोकाकडून मोडत मोडत जाते. माझ्या मुलीने एकदा हे अर्धा तास पाहिलं होतं, आणि ती घरी पाच मिनिटं एका जागी बसत नाही.

पिसारनाथाचं देऊळ कुठे आहे?

तळ्याच्या काठालाच, झाडांच्या दाट सावलीत. पिसारनाथ हे माथेरानचं ग्रामदैवत, शंकराचं ठाणं. पिंडीला शेंदूर आहे, जो शंकराच्या देवळात सहसा दिसत नाही. सासूबाई पहिल्यांदा पाहून चपापल्या होत्या, मग हात जोडून म्हणाल्या, "रानातला देव आहे, त्याची रीत वेगळी." देऊळ छोटं आणि थंड आहे. चालून तापलेल्या पायांना तिथली फरशी फार बरी वाटते. महाशिवरात्रीला गर्दी असते.

शेकरू दिसतं का?

दिसतं, पण पोरांच्या आवाजावर अवलंबून आहे. शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी, तांबूस-तपकिरी रंगाची मोठी खार, शेपूट अंगापेक्षा लांब. ती जमिनीवर क्वचितच उतरते, म्हणून खाली शोधू नका. वर बघत चाला, आणि फांदी हलल्याचा आवाज आला की थांबा. मे महिन्यात जांभळं पिकली होती तेव्हा आम्ही एक पाहिलं. मागच्या दोन पायांनी फांदीला उलटं लटकून, पुढच्या दोन पंजांत जांभूळ धरून ते खात होतं आणि बिया खाली टाकत होतं. एक बी माझ्या नवऱ्याच्या टकलावर पडली. त्यांनी तक्रार केली नाही, जागचे हललेही नाहीत.

झाडीत जांभूळ आणि अंजन जास्त. उन्हाळ्याच्या तोंडावर अंजनाच्या फांद्यांना निळ्या-जांभळ्या फुलांचे झुबके लगडतात, फांदीला निळी लोकर चिकटवल्यासारखे. सोबत हिरडा आणि आंबा आहेत. पावसाळी पहाटे कुणीतरी माणूस निवांत शीळ घालतोय असं वाटलं तर तो शीळकरी कस्तूर. गडद निळा पक्षी, पाण्याच्या आसपास असतो. बुलबुल तर पावलोपावली.

माकडांचं काय?

माकडं ही या वाटेवरची एकमेव खरी अडचण. माथेरानची माकडं पर्यटकांना पिढ्यान्‌पिढ्या ओळखतात. पिशवीचा चुरचुर आवाज त्यांना बरोबर कळतो. नियम तीन : हातात खाण्याचं काही दिसू द्यायचं नाही, त्यांच्या डोळ्यांत रोखून बघायचं नाही, आणि त्यांनी काही ओढलंच तर सोडून द्यायचं. पिशवीसाठी माकडाशी झोंबणारा माणूस मी पाहिला आहे, त्याला नंतर इंजेक्शनं घ्यावी लागली.

आमचीही एक गंमत झाली. सासूबाईंची गोळ्यांची पिशवी चुरचुरणारी होती. माकडाला वाटलं फरसाण. ते झाडावर बसून रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी उलटीसुलटी करून पाहत होतं आणि खाली सासूबाई त्याला "अरे, जेवणानंतरची आहे ती!" असं ओरडून सांगत होत्या. पट्टी पडली, गोळ्या वाचल्या. तेव्हापासून औषधं कापडी बटव्यात आणि बटवा आतल्या कप्प्यात.

माकडांना खायला घालू नका, हे सांगायला लागू नये. तरी लोक घालतात, आणि मग पुढच्याची पिशवी जाते.

एको पॉइंटला खरंच आवाज परत येतो का?

येतो, गर्दी नसेल तर. शनिवार-रविवारी दुपारी तिथे पन्नास माणसं एकाच वेळी आपापली नावं ओरडत असतात आणि डोंगर कुणाकुणाला उत्तर देणार? सकाळी जा.

शाळकरी मूल असेल तर इथे एक मजा करता येते. आवाज हवेत सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास जातो. एकदा जोरात टाळी वाजवायची आणि घड्याळ लावायचं. प्रतिध्वनी २ सेकंदांनी आला तर आवाज गेला ३४० मीटर आणि आला ३४० मीटर, म्हणजे समोरचा कडा ३४० मीटरवर. टाळी ऐकू आली नाही तर ओरडा, पण एकच अक्षर. 'ए' चांगलं. लांबलचक नाव घेतलं तर शेवट आणि सुरुवात एकमेकांत मिसळतात. माझ्या भाच्याचं नाव पुरुषोत्तम. डोंगराने त्याला फक्त 'त्तम' म्हणून हाक मारली, आता घरात तेच नाव पडलंय.

कडे धोक्याचे आहेत का?

आहेत. माथेरान साधारण ८०० मीटर उंचीवर आहे आणि माथ्याच्या कडा सरळ तुटलेल्या आहेत. लॉर्ड पॉइंट, एको पॉइंट ही कड्यावरची ठिकाणं. कठडा असेल तर त्याच्या अलीकडे राहायचं, नसेल तर काठापासून दोन माणसं आडवी झोपतील एवढं अंतर. सुटी लाल माती पायाखालून घसरते, ते सपाट जागीही. फोटोसाठी कठड्यावर बसणाऱ्यांना माझ्या मुलांनी काका, उतरा म्हटलेलं आहे. काका उतरले, थोडे रागावून.

तळ्याच्या वाटेवर मात्र कडा लागत नाही. पोरं फारच अवखळ असतील तर तळ्यावरूनच परत फिरा, काही बिघडत नाही.

मुलांना घोड्यावर बसवावं का?

हौस असेल तर थोड्या अंतरासाठी बसवा. भाव आधी ठरवा, दरपत्रक बघायला मागा, आणि घोडेवाल्याने लगाम हातात धरून शेजारून चालायचं, पळवायचं नाही, हे बसण्याआधी सांगा. चालताना मागून टापा ऐकू आल्या की वाटेच्या एका कडेला सगळ्यांनी एकाच बाजूला व्हायचं. अर्धे इकडे अर्धे तिकडे झालात तर घोडा बिचकतो. त्याच्या मागे जाऊन शेपटीला हात लावणारं पोर प्रत्येक कुटुंबात एक असतं, तुमच्या कुटुंबातलं कोणतं ते तुम्हाला माहीत आहेच.

खाण्यापिण्याचं आणि स्वच्छतागृहाचं काय?

स्वच्छतागृह बाजारातच उरकून घ्या, मुलांना 'आली नाही' म्हटलं तरी पाठवा. वाटेत लिंबू सरबत, काकडी, कैरी, मक्याचं कणीस विकणारे भेटतात, गर्दीच्या दिवशी जास्त. तरी माणशी एक लिटर पाणी बरोबर ठेवा, धातूच्या बाटलीत. प्लास्टिकच्या पिशव्यांना माथेरानात बंदी आहे. जेवण तळ्याकाठी उघडायचं मनात आणू नका, माकडं आहेत. बाजारात परत येऊन खा. आम्ही सकाळी गुळाची पोळी किंवा दशमी खाऊनच निघतो, म्हणजे अकरापर्यंत कुणी कुरकुर करत नाही.

फोनची रेंज झाडीत येते-जाते, म्हणून कुणी मागे राहिलं तर कुठे भेटायचं ते आधीच ठरवा. दवाखाना गावात आहे.

कोणत्या महिन्यात जावं?

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे डोळे मिटून सांगते. पाऊस नुकताच संपलेला असतो, तळं काठोकाठ, धूळ बसलेली, हवा गार. मार्च-एप्रिलमध्ये लाल धूळ उडते, पण सावली असल्यामुळे खालच्या कर्जत-नेरळइतका घाम येत नाही. मेमध्ये जांभळं आणि करवंदं असतात, तशीच सुट्टीची गर्दीही.

वार शक्यतो मंगळवार-बुधवार. शनिवारी निघालातच तर पहिल्या लोकलने.

आणि पावसाळ्यात?

मोठी मुलं असतील तर जरूर, तान्ह्यांना घेऊन नको. पावसाळ्यात तळं भरून बांधावरून पाणी सांडतं आणि धबधबा दरीत उडी घेतो. धुकं इतकं उतरतं की तळं समोर असून दिसत नाही, फक्त बेडकांचा आवाज येतो. आम्ही एकदा काठावर वीस मिनिटं बसलो, धुकं हललं आणि पाणी आमच्यापासून दहा पावलांवर निघालं. तेव्हापासून पावसाळ्यात पोरांचा हात सोडायचा नाही असा घरचा नियम आहे.

छत्री वाऱ्याने उलटी होते, रेनकोटच घाला. चपला नकोत, पकड असलेले बूट हवेत. लाल चिखल घोड्यांच्या लिदेत कालवलेला असतो आणि वास येतो, तो तासाभराने जाणवेनासा होतो. झुडपांत हात घालू नका, पावसाळ्यात हिरवा चापडा पानांत बसलेला असतो. विषारी साप आहे, पण त्याला डिवचलं नाही तर तो हलतही नाही. अतिवृष्टीचा इशारा असेल तर बेत रद्द. तळं पुढच्या आठवड्यातही तिथेच असेल.

एका दिवसात जमतं की मुक्काम करावा?

जमतं, पण तळ्याची सकाळ हुकते. दिवसाच्या सहलीत तुम्ही तळ्यावर पोचता अकरा-बाराला, आणि तेव्हाच सगळे पोचतात. एक रात्र राहिलात तर सकाळी साडेसहाला निघून आठच्या आत काठावर. परतताना बाजाराच्या दिशेने येणारे घोळके समोरून भेटतात आणि विचारतात, "अजून किती लांब?" त्यांना "आलंच" म्हणायचं. सगळे तसंच म्हणतात.

दिवसभराचीच सहल असेल तर परतीच्या शेवटच्या शटलची वेळ सकाळी उतरतानाच स्टेशनवर विचारून ठेवा. आमची एकदा चुकली. अंधारात रुळांच्या कडेने दस्तुरीपर्यंत चालत आलो, एका टॉर्चवर सात माणसं. पोरांना तीच सहल सगळ्यात आवडती वाटते.

लाल डाग कपड्यांवरून जातात का?

पांढरे बूट घालून गेलात तर ते आता विटकरी बूट झाले असं समजा. बाकी कपडे घरी आल्याआल्या भिजवू नका. माती आधी पूर्ण वाळू द्या, मग गॅलरीत झटका, ब्रशने घासा, आणि नंतर साबणाच्या पाण्यात टाका. ओल्यावर घासलं की लाल रंग धाग्यात बसतो. मोज्यांचा नाद सोडा. आमच्याकडे 'माथेरानचे मोजे' म्हणून एक वेगळी पिशवीच आहे, दर खेपेला तेच.